शेवटच्या डब्यातून

चौतीस वर्षं मी गाडीच्या शेवटी बसलो. मालगाडीचा गार्ड होतो. इंजिन कोणत्या वळणावर आहे ते ब्रेकव्हॅनमधून दिसत नाही. पण पुढे ड्रायव्हरने ब्रेक लावला की डब्यामागून डबा खाडखाड करत धक्का मागे येतो आणि शेवटी आपल्या कमरेत पोचतो. त्या धक्क्यावरून पुढे काय चाललंय ते ओळखायचं, एवढीच आमची विद्या. कर्जत–लोणावळा हा माझा घाट. चढ सदतीसला एक. म्हणजे सदतीस फूट पुढे गेलात की एक फूट वर. ऐकायला किरकोळ वाटतं. भरलेली मालगाडी घेऊन हा उतार उतरणाऱ्याला विचारा. त्यात गंमत अशी की घाट उतरून मुंबईकडे येणारी गाडी आमच्या भाषेत 'अप' आणि धापा टाकत वर चढणारी 'डाऊन'. रेल्वेत वर-खाली जमिनीवरून ठरत नाही, मुंबईवरून ठरतं.

२०१९ साली निवृत्त झालो. त्यानंतर गार्ड या पदाचं नाव बदलून 'ट्रेन मॅनेजर' झालं. नाव झकास आहे, पण माझ्या वाट्याला आलं नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नातीने मला खोपोलीच्या इमॅजिकात नेलं आणि 'नायट्रो' नावाच्या रोलर कोस्टरच्या रांगेत उभं केलं. ती चौदा वर्षांची आहे. म्हणाली, "आबा, पहिल्या सीटसाठी थांबूया का?"

"मी मागे बसणार. अगदी शेवटी."

"मागून काही दिसत नाही हो."

"मला नोकरीत तरी कुठे काय दिसलं?"

गाडी स्टेशनात लागली. हो, तेही त्याला स्टेशनच म्हणतात आणि खुर्च्यांच्या त्या माळेला ट्रेनच. खांद्यांवरून जाड कठडे खाली आले, एका पोराने प्रत्येकाचा ओढून पाहिला, पलीकडच्याला अंगठा दाखवला आणि पायाखालची जमीन खरोखरच निघून गेली. हा 'फ्लोअरलेस' प्रकार. बसेपर्यंत पायाखाली फळ्या असतात, सुटायच्या वेळी त्या बाजूला होतात आणि पाय लोंबकळत राहतात. डब्याला ना तळ, ना बाजू. आपण खुर्चीत आणि खुर्ची रुळावर.

मग साखळी लागली. टक, टक, टक, टक. या आवाजाने लोकांच्या छातीत धडधडतं. मला तो ऐकून बरं वाटलं. तो आवाज साखळीचा नसतोच. गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी जीभ असते, ती रुळामधल्या दात्यांवरून एकेक दाता ओलांडत वर सरकते. साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये, दात्यात अडकून जागच्या जागी उभी राहावी, यासाठी ती जीभ. म्हणजे लोक ज्या आवाजाला भितात, तोच आवाज 'तुला मागे जाऊ देणार नाही' असं सांगत असतो. आमच्या घाटात हे काम कर्जतला मागून लावलेली बँकर इंजिनं करतात.

सुमारे चाळीस मीटरवर माथा आला. सह्याद्रीची रांग समोर होती. मी माझा घाट दिसतो का ते पाहत होतो, दिसला नाही. तेवढ्यात पुढचे डबे माथ्यावरून पलीकडे झुकले, क्षणभर घुटमळले, आणि मग त्यांच्या वजनाने सबंध गाडी उताराला लागली. पहिल्या रांगेतला माणूस माथा रेंगाळत ओलांडतो. शेवटच्या रांगेतल्याला तशी सवड मिळत नाही. पुढची सगळी गाडी पडायला लागलेली असते आणि ती त्याला माथ्यावरून खेचून नेते. माझी बैठक सीटवरून उचलली गेली. ताशी शंभराच्या वर वेग, पाच वेळा डोकं खाली पाय वर, आणि थांबलो तेव्हा नात हसत होती, मी चष्मा चाचपत होतो. तो लॉकरमध्ये ठेवलाय हे विसरलोच होतो.

घरी आल्यावर फोटो गावाकडच्या ग्रुपवर टाकला. पहिला प्रश्न आला, "उंची किती? स्पीड किती?" दुसरा, तिसरा, चौथाही तोच. जाहिराती याच दोन आकड्यांवर चालतात, वर्तमानपत्रातल्या बातम्याही. माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकतोय. उंची आणि वेग ही त्या गाडीची वजन-मापं झाली, स्वभाव नव्हे. पुणे–मुंबई प्रवास डेक्कन क्वीनचा आणि एसटीचा, अंतर तेवढंच; पण कुणी त्यांना एका मापात घालतं का?

मुलगा न्यू जर्सीत असतो. २०१८ साली त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याने दोन टोकांच्या दोन गाड्या दाखवल्या. एक त्याच्या घरापासून फार लांब नव्हती: जॅक्सन गावातली 'किंगडा का'. उंची १३९ मीटर, वेग ताशी २०६ किलोमीटर आणि तो वेग साडेतीन सेकंदांत. साखळी नाही, चढण नाही. द्रवाच्या दाबावर चालणारी यंत्रणा गाडीला दोरखंडाने ओढून बंदुकीतल्या गोळीसारखी सोडायची. सरळ वर, माथ्यावर, सरळ खाली, संपलं. सगळा खेळ अर्ध्या मिनिटाचा. मुलगा बसला. मी नाही बसलो, आणि त्याचं कारण भीती नव्हतं. मी तिथे उभं राहून एक भलतीच गोष्ट पाहत होतो. वारा असेल, चाकं थंड असतील, तर त्या गाडीला कधीकधी माथा गाठायला जोर कमी पडायचा. मग ती अगदी टोकाशी जाऊन थांबायची आणि आल्या वाटेने उलटी खाली यायची. घाटातल्या गार्डाला याहून वाईट स्वप्न पडत नाही. इथे मात्र रुळाच्या सपाट भागात ब्रेकचे पत्रे आपोआप वर आलेले असत आणि उलटी आलेली गाडी त्यांच्यात अलगद अडकून थांबे. म्हणजे ज्याने गाडी बांधली त्याने ती मागे येणार हे आधीच धरलं होतं. आणि रांगेतले दर्दी लोक, मुलगा सांगत होता, मनात म्हणत असत की आज आपली गाडी मागे यावी! एका तिकिटात दोनदा उडायला मिळतं.

मला हे फार आवडलं. घाटात आमच्याकडे कॅच सायडिंग असते. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा आधीच त्या आडवाटेकडे लावलेला असतो. ठरल्या जागी गाडी थांबवून ती ताब्यात आहे हे दाखवलं तरच पुढची वाट मिळते. न थांबणारी गाडी चढावर घातली जाते आणि तिथे तिचा जोर जिरतो. गाडी पळणार, असं गृहीत धरून बांधलेली वाट. ज्याला अपघात होईल असं वाटतं तोच तो टाळतो. किंगडा का आता नाही. २०२४ साली बंद झाली आणि २०२५च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडली. मुलाने व्हिडिओ पाठवला होता. अर्ध्या मिनिटाची गाडी, पडायलाही काही सेकंदच लागले.

दुसरी गाडी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरची 'सायक्लोन'. २६ जून १९२७ पासून चालू आहे. उंची ८५ फूट, म्हणजे किंगडा काच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. हिच्यात मी तीनदा बसलो.

सायक्लोन लाकडी म्हणून ओळखली जाते, पण तिचा सांगाडा लोखंडी आहे. लाकडी की पोलादी हे सांगाड्यावरून नव्हे, रुळावरून ठरतं. लाकडाच्या फळ्या एकावर एक ठोकून थर करायचा आणि त्यावर पोलादाची सपाट पट्टी बसवायची, हा लाकडी रूळ. त्यावरून गाडी जाते तेव्हा सगळं थरथरतं, कुरकुरतं, करकरतं. पोलादी नळीचा रूळ सरळ बोलतो. लाकडाचा बडबडा असतो. १९५९ साली कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'मॅटरहॉर्न'ला पहिल्यांदा नळीचा पोलादी रूळ आला आणि मग त्या रुळाला हवं तसं वाकवून गिरक्या, पीळ, सगळं करता आलं. लाकडाला ते सहसा जमत नाही. लाकूड फक्त उचलतं आणि पाडतं. पण ते असं उचलतं की विचारू नका. प्रत्येक उंचवट्याच्या माथ्यावर गाडी खाली वळते आणि आपलं शरीर तसंच सरळ जायला बघतं, त्यामुळे बूड सीटपासून सुटतं. याला दर्दी लोक 'एअरटाइम' म्हणतात आणि त्यासाठी देशोदेशी फिरतात. आपल्याकडे एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून खराब रस्त्याने गेलेल्या कुणालाही एअरटाइम म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

सायक्लोनच्या फलाटावर एक माणूस लांब दांडे खेचून गाडी थांबवत होता. हातब्रेक! मी त्याच्याकडे बघत राहिलो, त्याने माझ्याकडे पाहिलं. आम्हाला एकमेकांची भाषा येत नव्हती. मी हाताने दांडा ओढल्यासारखं केलं, तो हसला. बहुधा म्हातारा खुळा वाटलो असेन. हातब्रेकचंच म्हणाल तर ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या लूना पार्कमध्ये १९१२ची एक गाडी आहे, तिच्यात तर ब्रेकमन गाडीतच उभा राहून प्रवास करतो आणि उतारावर दांडा दाबतो. आपल्या नेरळ–माथेरान गाडीतही डब्यांवर ब्रेकमन असत. ती १९०७ची. दोघी एकाच पिढीतल्या, एकीला आपण प्रवास म्हणतो, दुसरीला खेळ.

खरं तर खेळ आणि प्रवास ही वाटणी नंतरची. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मॉक चंक नावाच्या गावी १८२७ साली कोळशाची लोहमार्ग-वाट बांधली. खाण वर, कालवा खाली. भरलेल्या गाड्या आपल्याच वजनाने उतारावरून जात आणि रिकाम्या गाड्या खेचरं वर ओढून आणत. ती खेचरंही खाली जाताना गाडीत बसूनच जात. सांगतात की एकदा बसायची सवय लागल्यावर ती खेचरं पायी उतरायला तयार होईनात. रोलर कोस्टरचे पहिले शौकीन मी त्यांनाच मानतो. पुढे कोळशाला दुसरी वाट मिळाली आणि त्या उतारावर हौशी लोक पैसे देऊन बसू लागले. मग १८८४ साली थॉम्पसन नावाच्या गृहस्थाने कोनी आयलंडवर खास खेळासाठीच तशी वाट उभी केली. तिकीट पाच सेंट, वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. आपली सायकल याहून जोरात जाते. तरी रांगा लागल्या.

त्याच्याही आधी रशियात हिवाळ्यात लाकडी मांडवावर पाणी ओतून बर्फाचे उंच उतार करत आणि त्यावरून घसरत. तिथून ही कल्पना पॅरिसला गेली. १८१७ साली तिथे रुळाला धरून ठेवलेल्या चाकांच्या गाड्या आल्या. म्हणून फ्रेंच आणि स्पॅनिश लोक आजही या खेळाला 'रशियन डोंगर' म्हणतात. आणि रशियन लोक काय म्हणतात? 'अमेरिकन डोंगर'. भीतीचा उगम कुणीच आपल्या दारात ठेवत नाही. आपण मराठीत रोलर कोस्टरला रोलर कोस्टरच ठेवलं आणि शब्द शेअर बाजाराच्या बातम्यांना देऊन टाकला.

गिरकीबद्दल मात्र मला रेल्वेवाला म्हणून बोललंच पाहिजे. कोनी आयलंडवरच १८९५ साली एकाने पूर्ण वर्तुळाची गिरकी बांधली. गाडी सपाटीवरून एकदम वर्तुळात शिरायची आणि बसणाऱ्यांच्या माना जायबंदी व्हायच्या. शरीराच्या वजनाच्या बारापट भार पडायचा असं म्हणतात. लोक बसण्यापेक्षा बघायलाच जास्त जमत. चूक कुठे होती ते रुळांची देखभाल करणाऱ्या आमच्या कोणत्याही पी-वे इन्स्पेक्टरने सांगितलं असतं: सरळ रूळ आणि वळण यांना एकदम जोडायचं नसतं. मधे 'ट्रान्झिशन' लागतं, हळूहळू आवळत जाणारं वळण. नाहीतर डब्यातला चहा सांडतो, किंवा डबाच. रोलर कोस्टरला हे शहाणपण यायला बराच काळ लागला. जर्मनीच्या वेर्नर स्टेंगल या अभियंत्याने १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या 'रेव्होल्यूशन' या गाडीसाठी जी गिरकी आखली ती वर्तुळ नव्हती, थेंबासारखी होती: खाली पसरट, वर आवळलेली. वेग जास्त असतो तिथे वळण मोठं, कमी होतो तिथे लहान. नायट्रोची गिरकी लांबून बघा, तोच थेंब दिसेल. मी उलटा होतो तेव्हा माझ्या मानेला काही झालं नाही, ही त्या थेंबाची कृपा.

आणि वेग म्हणाल तर फ्लोरिडाच्या डिस्नेमधली 'स्पेस माउंटन' ताशी ४५ किलोमीटरच्याही आत चालते. आमची फास्ट लोकल तिच्या दुप्पट पळते आणि दारातला माणूस कानात गाणी ऐकत असतो. तरी १९७५ पासून लोक तिच्यातून किंचाळत बाहेर येतात. का? अंधार. पुढचं वळण डावीकडे आहे की उजवीकडे, खाली आहे की वर, शरीराला आधी कळत नाही. ते सावरायच्या आत वळण होऊन जातं. याउलट अबू धाबीची 'फॉर्म्युला रोसा' ताशी २४० ने सुटते, डोळ्यांत धूळ जाऊ नये म्हणून चष्मे देतात. तिथे नोकरीला असलेला माझा पुतण्या दोनदा बसला. कसं वाटलं विचारलं तर म्हणाला, "काका, वारा." त्याला दुसरं काही आठवेना.

मागच्या सीटबद्दल माझा आणखी एक दावा आहे आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. मिशिगनच्या डेव्हिड वार्टिंगर या डॉक्टरांच्या लक्षात आलं की त्यांचा एक रुग्ण डिस्नेची 'बिग थंडर माउंटन' ही गाडी फिरून आला की त्याचा मुतखडा पडतो. मग त्यांनी मूत्रपिंडाचा सिलिकॉनचा नमुना तयार केला, त्यात खडे आणि लघवी भरली, तो पाठीवरच्या पिशवीत घालून त्या गाडीत फेऱ्या मारल्या. पुढच्या भागात बसल्यावर खडा पडण्याचं प्रमाण सुमारे १७ टक्के, मागच्या भागात सुमारे ६४ टक्के. २०१६ साली हा अभ्यास छापून आला, २०१८ साली त्याला इग नोबेल हे गमतीशीर संशोधनाचं बक्षीस मिळालं. माझ्याबरोबरचा एक ड्रायव्हर बारा वर्षं पानफुटीचा रस पीत होता. त्याला कुणी ब्रेकव्हॅनमध्ये बदली देऊन बघायला हवी होती.

आता जरा कडू बोलतो.

रेल्वेत आम्ही जन्मभर जी कामं केली ती एकाच गोष्टीसाठी: प्रवाशाला भीती वाटू नये. रोलर कोस्टरवाले पैसे घेतात तेच भीती वाटावी म्हणून. पण दोघांची यंत्रणा बघा, एकच आहे. रुळाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना तेही 'ब्लॉक'च म्हणतात. एका ब्लॉकमध्ये एकच गाडी. पुढचा ब्लॉक मोकळा नसेल तर मागची गाडी ब्रेकवर उभी. आमचे ब्रेक हवेवर चालतात, पण हवा भरली की ब्रेक सुटतो आणि हवा गेली की लागतो; म्हणजे पाइप फुटला तरी गाडी थांबणारच. त्यांचे चुंबकी ब्रेक विजेशिवाय चालतात. लाइट गेले तरी गाडी मंदावणारच. चाकांचंही तसंच. रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनही चाकं असतात. खालून धरणाऱ्या चाकांचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकी कारागिराने १९१९ साली घेतलं, त्यानंतरच गाडी माथ्यावरून बिनधास्त फेकता येऊ लागली. एवढं धरून ठेवलेलं असतं म्हणूनच हात वर करता येतात.

हे सगळं असूनही माणूस काय करू शकतो ते २ जून २०१५ला इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समध्ये दिसलं. 'स्मायलर' ही चौदा वेळा उलटी होणारी गाडी. चाचणीसाठी सोडलेली एक रिकामी गाडी मधेच अडकून उभी राहिली. यंत्रणेने आपलं काम चोख केलं: ब्लॉक मोकळा नाही म्हणून मागची भरलेली गाडी रोखून धरली. तिथल्या माणसांना वाटलं, यंत्रणेचंच काहीतरी चुकतंय. रूळ मोकळा आहे का ते न बघता त्यांनी ती रोख काढून टाकली आणि गाडी सोडली. ती त्या रिकाम्या गाडीवर जाऊन आदळली. दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. कंपनीला ५० लाख पौंडांचा दंड झाला. ही बातमी वाचली तेव्हा मी नोकरीत होतो. आमच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत, त्या दिवशी सगळे गप्प होते, कारण लाल सिग्नल 'बिघडलाय' असं मानायचा मोह म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पण इंग्लंड लांब राहिलं. नात पाच वर्षांची असताना मी तिला एका जत्रेत नेलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेक डान्स, मौत का कुआँ आणि मुलांसाठी ड्रॅगन. हाच आपल्या बहुतेकांचा पहिला रोलर कोस्टर: पुढे हिरवं तोंड, बाहेर लाल जीभ, मागे पाच-सहा डबे, लंबगोल रूळ आणि दोन उंचवटे. नातीला मी शेवटच्या डब्यात बसवलं, सवयीप्रमाणे. आडवा दांडा लागत नव्हता म्हणून तो नायलॉनच्या दोरीने बांधला होता. चालवणारा मुलगा एका हाताने मोबाइल कानाला लावून दुसऱ्या हाताने खटका दाबत होता. मी खाली वाकून रूळ पाहिला. जमीन उतरती, म्हणून पायांखाली लाकडी ठोकळ्यांचं पॅकिंग दिलेलं. गाडीच्या प्रत्येक फेरीबरोबर एक ठोकळा बोटभर सरकत होता. गाडी गेली की परत येत नव्हता. मी त्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "काका, रोज चालतंय." मी नातीला उचलून घेतलं. ती जत्राभर रडली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

"रोज चालतंय" हे वाक्य मी रेल्वेतही ऐकलं आहे. तिथे त्याला उत्तर म्हणून एक कागद असतो: ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. गाडी तपासणारा तो लिहून देतो, ड्रायव्हर आणि गार्ड त्यावर सह्या करतात आणि तो कागद असल्याशिवाय मालगाडी हलत नाही. माझी मागणी मोठी नाही. जत्रेत, मैदानात, मॉलच्या गच्चीवर, जिथे कुठे माणसाला बसवून फिरवणारं यंत्र लागतं तिथे असाच एक कागद तिकिटाच्या खिडकीवर चिकटवा. आज सकाळी रिकामी फेरी कधी मारली, दांडे कुणी ओढून पाहिले, पॅकिंग कुणी तपासलं. नाव, सही, वेळ. जत्रा एका गावाहून दुसऱ्या गावी गेली की जमीन बदलते. मग कागदही नवा. परवानगी देणाऱ्यांनी तो मागावा आणि तोवर आपण, म्हणजे मुलं घेऊन जाणाऱ्यांनी, मागावा. 'किती उंच' याऐवजी 'कागद कुठाय' हे विचारायला जीभ अडखळायचं कारण नाही. ज्या भीतीसाठी पैसे मोजलेत तेवढीच मिळाली पाहिजे, वरची फुकट नको.

दुसरी गोष्ट घरातली आहे. आपल्या प्रत्येक सहलीत एक माणूस पिशव्या सांभाळायला बसलेलं असतं. बहुतेक वेळा बाई, आणि बहुतेक वेळा तीच बाई. आमच्याकडे ही. गोराईच्या एस्सेलवर्ल्डला मुलाला लाँचने नेलं होतं तेव्हाही ती पिशव्यांजवळ होती आणि खोपोलीलाही नात आणि मी नायट्रोवर उलटे होत असताना ती खाली बाकावर चार चपला, दोन बाटल्या आणि चकल्यांचा डबा घेऊन बसली होती. मी कधी तिला विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी 'मला नको, तुम्ही जा' म्हणाली असती. पण मी कोणत्या गाडीबद्दल विचारलं असतं? त्या सर्वांत उंचबद्दलच. उंची-वेगाच्या नादात आपण अर्ध्या घराला आधीच बाकावर बसवून ठेवतो. खाणीतल्या आगगाडीसारखी सजवलेली, गिरकी नसलेली, घरच्या सगळ्यांना बसता येईल अशी गाडी त्याच बागेत होती. तिची जाहिरात मी कुठे पाहिली नव्हती.

नायट्रोवरून उतरल्यावर त्या गाडीबाहेरचा फलक मी दोनदा वाचला. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचं दुखणं, यातलं हिला काही नाही. गुडघे आहेत, पण गुडघ्यांबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. नातीने तिचा हात धरला. मी पिशव्या घेतल्या.

"कुठे बसू?" तिने जाता जाता विचारलं.

"शेवटी," मी म्हणालो.

बाकावरून गाडी दोनच ठिकाणी दिसत होती: चढताना आणि एका वळणावर. चढताना तिचा एक हात पदरावर होता आणि एक समोरच्या दांड्यावर. वळणावर गाडी आली तेव्हा कोण किंचाळतंय ते ओळखू आलं नाही. दहा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. तिचे केस सुटलेले होते. खिडकीवर फोटो मिळत होते, तिने स्वतःचा मागून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून पाहिला आणि माझ्या हातात दिला. फोटोत तिचं तोंड उघडं होतं आणि डोळे घट्ट मिटलेले.

"एवढी चौतीस वर्षं हेच करत होतात का तुम्ही?" ती म्हणाली. "आणि पगार मिळायचा?"

मग चकल्यांचा डबा माझ्या मांडीवरच ठेवून ती नातीबरोबर पुन्हा रांगेकडे गेली.